व्हेरा फिग्नर: दहा महिन्यांत पाच हजार पेशंट तपासणारी बाई बॉम्बपर्यंत कशी पोचली?

पाऊलवाट:

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आदिवासी भागातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. गेले दोन आठवडे रात्री झोपायच्या आधी व्हेरा फिग्नर या रशियन क्रांतिकारक बाईच्या आठवणी इंग्रजीतून वाचतेय, आणि मधल्या एका भागाशी येऊन अडकलेय. ती १८७८ मध्ये सारातोव्ह प्रांतातल्या व्याझ्मिनो नावाच्या खेड्यात जाते, सोबत बहीण एवगेनिया. व्हेरा दवाखाना चालवते, बहीण शाळा. पहिल्याच महिन्यात ८०० पेशंट, दहा महिन्यांत ५,०००. मी हिशोब केला, रोजचे सोळा-सतरा होतात, तेही एकही सुट्टी न घेता. हाताखाली कुणी नाही, औषधं अपुरी. त्याआधी समारा प्रांतात होती तेव्हाचं ती लिहिते की खोलीत एकदम तीस-चाळीस जण शिरायचे, जुन्या जखमा, त्वचेचे रोग, पोटाची दुखणी, आणि मिक्श्चर बनवताना तिचे अश्रू त्या औषधात पडायचे. कारण तिला दिसत होतं की दुखणं उपासमारीचं आहे आणि आपण हातात मलम देतोय. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

आणि हीच बाई दोन-तीन वर्षांत झारला मारायच्या कटात? तिच्या घरात बॉम्ब बनतात?

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. एक तर तिनं स्वित्झर्लंडमधलं डॉक्टरकीचं शिक्षण अगदी शेवटाला आलेलं असताना का सोडलं? डिग्री घेऊन आली असती तर जास्त उपयोग झाला नसता का? दुसरं, खेड्यातलं एवढं चांगलं चाललेलं काम सोडून ती तिकडे का वळली. आणि तिसरं म्हणजे श्लिसेलबर्गच्या किल्ल्यातल्या तुरुंगात वीस वर्षं, ती माणूस म्हणून शाबूत कशी राहिली? जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज, मी सगळं वाचेन.

जुना_वाचक:

पाऊलवाट, धागा काढल्याबद्दल आभार. फिग्नरबाईंवर मराठीत फारच कमी बोललं जातं.

शिक्षणाचं आधी सांगतो. त्यांचा जन्म १८५२ चा, कझान प्रांतातला, घराणं सरदार-जमीनदारांचं. त्या काळी रशियात मुलींना युनिव्हर्सिटीचं दार बंद होतं. झ्युरिकमध्ये मात्र १८६७ सालीच नादेझ्दा सुस्लोव्हा ही रशियन मुलगी डॉक्टर झालेली, त्यामुळे पुढे तिकडे रशियन मुलींची रीघच लागली. व्हेराबाईंचं लग्न अठराव्या वर्षी झालेलं, नवरा कोर्टाकडे तपास अधिकारी. त्यांनी त्याला नोकरी सोडायला लावली आणि १८७२ मध्ये नवरा आणि धाकटी बहीण लिडिया दोघांना घेऊन झ्युरिक गाठलं, म्हणजे ओढ किती असेल बघा. तिथे मुलींच्या वाचनमंडळात नवऱ्याचे आणि त्यांचे विचार पार वेगळे निघाले आणि पुढे ते वेगळे झाले.

१८७३ मध्ये झारच्या सरकारनं फतवा काढला की १ जानेवारी १८७४ च्या आत झ्युरिक सोडा, नाहीतर रशियात परीक्षा नाही आणि नोकरीही नाही. त्या फतव्यात या मुलींच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले होते, त्या प्रसूतिशास्त्र शिकतात ते गर्भपातासाठी असं सुचवलं होतं. तुम्ही नर्स आहात, हे वाचून काय वाटेल ते मी सांगायला नको. बऱ्याच मुली तिथूनच पेटून मायदेशी परतल्या. व्हेराबाई मात्र बर्नला गेल्या आणि अभ्यास चालू ठेवला, कारण डॉक्टर व्हायचंच होतं.

मग १८७५ मध्ये लिडिया आणि तिच्या मैत्रिणी मॉस्कोत पकडल्या गेल्या. या मुली कारखान्यांत मजूर म्हणून राबत होत्या, कामगारांच्या बराकीत राहून त्यांना वाचून दाखवत होत्या. पकडल्यावर त्यांची गुप्त संघटना उघडी पडली आणि बर्नला निरोप गेला की ये, माणसं उरली नाहीत. डिग्रीला काही महिनेच बाकी होते. व्हेराबाईंनी खूप तळमळून निर्णय घेतला, घरच्यांच्या आणि स्वतःच्याही अपेक्षा मोडणं सोपं नव्हतंच, पण डिसेंबर १८७५ मध्ये त्या परतल्या. तुम्ही म्हणता डिग्रीचा जास्त उपयोग झाला असता, पण त्यांचा हिशोब असा होता की खेड्यात पाय रोवायला फेल्डशरचं सर्टिफिकेट पुरतं. फेल्डशर म्हणजे आपल्याकडच्या कंपाउंडरपेक्षा बराच वरचा आणि डॉक्टरच्या खालचा, तपासणारा, औषध देणारा. ती परीक्षा त्या पास झाल्या, सुईणीचीही झाल्या.

आता खेडं. त्यांना नेमलं झेम्स्त्वोनं, म्हणजे आपली जिल्हा परिषद समजा. एवगेनियाच्या शाळेत २५ मुलंमुली येत, कारण त्या भागात दुसरी शाळाच नव्हती, पोरांच्या बापांनाही हिशोब शिकायचा असायचा. संध्याकाळी दोघी बहिणी शेतकऱ्यांच्या घरी जाऊन कविता वाचून दाखवायच्या. यात काय बेकायदेशीर होतं सांगा. पण गावचा भटजी, म्हणजे त्यांचा पाद्री, कारकून आणि जमीनदार यांनी अफवा उठवल्या, यांच्याकडे कागदपत्रं नाहीत, या पोरांना देव नाही असं शिकवतात. चौकशा लागल्या. शाळेत पोरं पाठवायला आणि दवाखान्यात यायला लोक घाबरायला लागले.

याच काळात सोलोव्योव्ह नावाचा त्यांचा साथीदार त्यांना भेटायला आला आणि म्हणाला की मी झारला मारायला चाललोय, कारण जोवर तो आहे तोवर तुम्हाला खेड्यात हे कामही करू देणार नाहीत. २ एप्रिल १८७९ ला त्यानं गोळ्या झाडल्या, एकही लागली नाही, त्याला फाशी झाली. आणि तो इकडे येऊन गेल्याचा माग निघेल म्हणून दोघी बहिणींना गाव सोडावं लागलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथे आहे. त्यांनी खेडं आपणहून सोडलं एवढंच खरं नाही, त्यांना तिथे टिकू दिलं नाही हेही तितकंच खरं आहे. पुढे १८८४ च्या खटल्यात त्यांनी कोर्टासमोर हेच सांगितलं, की माझं आयुष्य आरोपीच्या पिंजऱ्याऐवजी दुसरीकडे कुठे संपलं असतं का असा मी अनेकदा विचार केला आणि दर वेळी उत्तर नाही असंच आलं.

नीरजा_क:

जुना_वाचक यांचा प्रतिसाद आवडला पण मला एक गोष्ट ठामपणे लिहायची आहे. परिस्थितीनं ढकललं हे मान्य, पण पुढे जे झालं त्यात मेलेल्यांचीही नावं-गावं होती. व्हेरा ज्या नारोद्नाया वोल्याच्या कार्यकारी समितीत होती (नारोद्नाया म्हणजे लोकांची, वोल्या म्हणजे इच्छा पण आणि स्वातंत्र्य पण, म्हणून दोन्ही भाषांतरं दिसतात) त्या संघटनेनं ५ फेब्रुवारी १८८० ला झारच्या विंटर पॅलेसमध्ये स्फोट केला. झार जेवायला उशिरा आला म्हणून वाचला, आणि मेले कोण तर खालच्या मजल्यावरचे पहाऱ्याचे ११ सैनिक, जखमी पन्नासच्या वर. ते सैनिक शेतकऱ्यांचीच पोरं ना? ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय तीच?

१ मार्च १८८१ चं पण तेच (जुनं रशियन कॅलेंडर, आपलं १३ मार्च). आदल्या रात्री व्हेराच्या फ्लॅटवर संघटनेचा बॉम्बतज्ज्ञ किबालचिच आणि इतर दोघं रात्रभर बॉम्ब भरत बसलेले, कटातली साथीदार सोफिया पेरोव्हस्काया दमलेली होती तिला व्हेरानं जबरदस्तीनं झोपवलं, आणि स्वतः रॉकेलचे डबे कापून दिले. दुसऱ्या दिवशी कॅथरीन कालव्यावर झारबरोबर रस्त्यावरचा एक लहान मुलगा पण गेला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच दिवशी सकाळी झारनं गृहमंत्री लोरिस-मेलिकोव्हच्या सुधारणांच्या आराखड्याला मंजुरी दिलेली होती. फार मोठी सुधारणा नव्हती, निवडलेले प्रतिनिधी सल्ला देणार एवढंच, पण सुरुवात तरी होती. नवीन झारनं ती गुंडाळून ठेवली, दक्षिणेत ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले, आणि शेतकरी उठाव करतील म्हणत होते तो तर झालाच नाही.

मी व्हेराचा अनादर करत नाहीये, ज्या बाईनं ५,००० पेशंट तपासले तिचा अनादर कोण करेल. पण म्हणूनच जास्त त्रास होतो.

जुना_वाचक:

नीरजा, तुमचा मुद्दा खोडायचा नाहीये, तो खराच आहे. दोन गोष्टी फक्त त्याच्या शेजारी ठेवतो. खुनानंतर दहाच दिवसांनी समितीनं नव्या झारला खुलं पत्र लिहिलं, की राजकीय कैद्यांना माफी द्या, लोकांतून निवडलेली सभा बोलवा, आम्ही हत्यार खाली ठेवतो. आणि त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांचा खून झाला तेव्हा याच समितीनं निषेधाचं पत्रक काढलं, की जिथे लोक मत देऊन कायदा बदलू शकतात तिथे असला खून म्हणजे निव्वळ जुलूम. म्हणजे त्यांच्या मनात रेघ होती. ती ११ सैनिकांच्या बाबतीत पाळली गेली नाही, हे तुमचं बरोबरच आहे.

पाऊलवाट:

हे गारफिल्डचं मला अजिबात माहीत नव्हतं. नीरजाताई, तुमचं वाचून पोटात गोळा आला, मी त्या ११ जणांवरून घाईघाईत पुढे गेले होते हे कबूल करते. कुणी अटकेबद्दल आणि किल्ल्याबद्दल पण लिहा ना.

गोदाकाठ:

मी लिहितो, हा माझा आवडीचा म्हणजे ज्याच्यावर मी रात्री जागवल्यात असा विषय आहे.

१ मार्चनंतर पाच जणांना जाहीर फाशी झाली, त्यात सोफिया पेरोव्हस्काया, राजकीय गुन्ह्यासाठी फाशी गेलेली रशियातली पहिली बाई. कटातलीच गेस्या गेल्फमान गरोदर होती म्हणून तिची फाशी रद्द झाली पण बाळंतपणानंतर ती तुरुंगातच वारली. बाकीचे एकेक करून सापडत गेले आणि १८८३ च्या सुरुवातीला कार्यकारी समितीतली रशियात मोकळी असलेली एकटी व्हेरा उरली. पोलीस वेड्यासारखे शोधत होते.

ती खारकोव्हमध्ये राहत होती, नकली ओळख कुठली तर फेल्डशर शाळेतल्या विद्यार्थिनीची! देगायेव्ह नावाचा सहकारी, जेलमधून पळून आलोय असं सांगून भेटायला आला आणि त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं की तू इथे सुरक्षित आहेस का. ती म्हणाली हो, फक्त मेर्कुलोव्ह रस्त्यात समोर आला नाही म्हणजे झालं, मेर्कुलोव्ह हा फितूर झालेला जुना माणूस, तिला चेहऱ्यानं ओळखणारा. सकाळी किती वाजता बाहेर पडतेस तेही देगायेव्हनं विचारून घेतलं, तिनं सांगितलं आठला, शाळेच्या वेळेला. आणि १० फेब्रुवारीला सकाळी ती बाहेर पडली तर समोर मेर्कुलोव्ह. देगायेव्ह आधीच पोलिसांना विकला गेला होता. (हा देगायेव्ह ज्या पोलीस अधिकाऱ्याला विकला गेला होता, पुढे त्याच्याच खुनात सामील होऊन अमेरिकेत पळाला, नाव बदलून अलेक्झांडर पेल झाला आणि साउथ डकोटाच्या युनिव्हर्सिटीत गणिताचा प्रोफेसर झाला. माणसाचं आयुष्य काय काय वळणं घेतं.)

सप्टेंबर १८८४ मध्ये चौदा जणांचा खटला, व्हेराला फाशी, मग फाशीची जन्मठेप झाली आणि ऑक्टोबरमध्ये श्लिसेलबर्ग. नेवा नदी लाडोगा सरोवरातून निघते तिथल्या बेटावरचा किल्ला, चारी बाजूंनी पाणी. नाव गेलं, ती कैदी नंबर ११ झाली. वय ३२.

सुरुवातीची वर्षं भयंकर होती. मिनाकोव्ह आणि मिश्किन या दोघांनी तुरुंगाच्या माणसांवर हात उचलला म्हणून दोघांना किल्ल्यातच गोळ्या घातल्या. ग्राचेव्हस्कीनं, म्हणजे व्हेराच्या फ्लॅटवर बॉम्ब भरणाऱ्यांपैकी एकानं, दिव्यातलं रॉकेल अंगावर ओतून जाळून घेतलं. १८८७ च्या मे महिन्यात त्याच किल्ल्यात पाच विद्यार्थ्यांना फासावर दिलं, त्यातला एक अलेक्झांडर उल्यानोव्ह, लेनिनचा थोरला भाऊ. बऱ्याच जणांना क्षय झाला, काही वेडे झाले आणि त्यांचे आवाज बाकीच्यांना रात्रंदिवस ऐकत राहावे लागायचे.

शाबूत कशी राहिली? एक म्हणजे भिंत. कैदी भिंतीवर टकटक करून बोलायचे, अक्षरं ओळी-रकान्यांत मांडायची, आधी ओळीचे ठोके मग रकान्याचे, एक शब्द सांगायला किती वेळ लागत असेल विचार करा, आणि तसं ते वर्षानुवर्षं बोलत होते. दुसरं म्हणजे ल्युदमिला वोल्केनश्टाइन, दुसरी बाई कैदी. दोघींना एकत्र फिरायची परवानगी मिळाली होती, ती सवलत सगळ्या कैद्यांना नाही म्हणून दोघींनी ती आपणहून सोडली आणि पुन्हा एकेकट्या राहिल्या. यावर मी तासभर विचार करत बसलो होतो, इतका काळ एकटीनं काढल्यावर मिळालेली मैत्रीण तत्त्वासाठी सोडायची. तिसरं म्हणजे भांडून भांडून मिळवलेलं काम, बागेचे वाफे, पुस्तकबांधणी, वर्कशॉप, आणि आत शास्त्र शिकलेले लोक होते, त्यांनी वर्गच सुरू केले.

आणि १९०२ ची गोष्ट. नियम अचानक पुन्हा कडक केले, पत्रव्यवहार बंद. जवळपास अठरा वर्षांत इंचाइंचानं मिळवलेलं सगळं जाणार. पन्नाशीची व्हेरा, तिनं तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरच्या फिती ओढून तोडल्या. मिश्किन-मिनाकोव्हचं काय झालं ते माहीत असून. ती मरायच्या तयारीनं बसली होती. झालं उलटंच, तिच्यावर खटला नाही चालवला, अधिकारीच बदलले.

सह्याद्रीकर:

छान चर्चा. आपल्याकडचं कनेक्शन म्हणून सांगतो, पॅरिसमधल्या रशियन क्रांतिकारकांकडूनच सेनापती बापट आणि बंगालचे हेमचंद्र दास बॉम्बची कृती शिकले आणि १९०८ मध्ये त्या कृतीची माहितीपुस्तिका हिंदुस्थानात आली. बापट म्हणजे पारनेरचा माणूस, पुढे मुळशी सत्याग्रह केला तोच. १९०८ मध्येच केसरीतल्या बॉम्बवरच्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षं मंडाले झालं, त्या लेखांतही रशियाचा दाखला आहेच. अजून एक डोक्यात आलं, व्हेरा फेब्रुवारी १८८३ मध्ये पकडली गेली आणि एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला कलकत्त्याहून बोटीत बसल्या. एकमेकींना माहीत असण्याचं काही कारणच नाही, पण तारखा शेजारी ठेवल्यावर मला गलबलून आलं.

पाऊलवाट:

गोदाकाठ दादा, फितींचा प्रसंग मी अजून वाचला नव्हता, आज रात्री तिथपर्यंत जाणार. तिच्या आईचं काय झालं? सुरुवातीला आईबद्दल फार मायेनं लिहिलंय आणि मला पुढे जायची भीती वाटतेय.

गोदाकाठ:

सांगू का? बरं, सांगतो, तयारीनं वाच.

किल्ल्यात जाताना व्हेरानं आईकडून वचन घेतलं होतं की माझ्यासाठी कधीही दयेचा अर्ज करायचा नाही. आईनं ते जवळपास वीस वर्षं पाळलं. भाऊ निकोलाय तर त्या काळात सरकारी रंगभूमीचा सगळ्यात गाजलेला गायक, चायकोव्हस्कीच्या ऑपेरात १८९० मध्ये नायक म्हणून उभा राहिला, राजधानीत टाळ्या पडत होत्या आणि बहीण तिथून थोड्याच अंतरावर पाण्यातल्या किल्ल्यात. पण आईनं शब्द मोडला नाही. आणि मग १९०३ च्या जानेवारीत अधिकारी कोठडीत येऊन सांगतात, आईच्या अर्जावरून झारनं तुझी जन्मठेप वीस वर्षांवर आणलीय. व्हेराला ते लागलं, ती चिडली, तिला आईशी संबंध तोडावासा वाटला. नंतर कळलं की आईला कॅन्सर झालाय आणि मरायच्या आधी लेकीला एकदा बघायचंय. पत्रांतून दोघींचं मिटलं. आई नोव्हेंबर १९०३ मध्ये गेली. व्हेरा किल्ल्याबाहेर पडली सप्टेंबर १९०४ मध्ये.

नीरजा_क:

…

हे वाचून काही लिहवत नाहीये. पाऊलवाट, तू पुढचं वाच पण, सुटकेनंतरचं पण. तिला आधी उत्तरेकडे अर्खांगेल्स्क प्रांतात ठेवलं, माणसांत राहायची सवयच गेली होती तिची. १९०६ नंतर परदेशात गेली आणि पॅरिसमध्ये बसून रशियातल्या राजकीय कैद्यांसाठी पैसे गोळा करणारी कमिटी चालवली, सभा घेत फिरली. ल्युदमिला वोल्केनश्टाइन १९०६ च्या सुरुवातीला व्लादिवोस्तोकला मोर्चात गोळी लागून गेली, म्हणजे दोघींची परत गाठ पडली नाहीच.

पाऊलवाट:

क्रांतीनंतर ती बोल्शेविकांबरोबर गेली का? आमच्या डॉक्टर मॅडमनी आज विचारलं, मला सांगता आलं नाही.

जुना_वाचक:

नाही, त्यांच्या पक्षात त्या कधीच गेल्या नाहीत. मॉस्कोत राहून लिहीत राहिल्या, जुन्या राजकीय कैद्यांच्या संघटनेत होत्या, ती संघटना १९३५ मध्ये बंद करून टाकली गेली. अटक झालेल्या लोकांसाठी त्या अर्ज लिहीत राहायच्या. जून १९४२ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, मॉस्कोत गेल्या, नव्वदीला काही आठवडेच कमी होते. तुमच्या मॅडमना व्याझ्मिनोचं प्रकरण नक्की वाचायला द्या, ते तसं छोटंच आहे, एका बैठकीत होतं.